जुन्या हार्ड डिस्कवरचा विंडोज फोल्डर डिलीट होईना, ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ची परवानगी मागतोय

अंबानगरी_डीटीपी

नमस्कार. मी अंबाजोगाईत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. दुकान मूळचं बाबांचं. आता त्यांना बसवत नाही म्हणून मी बघते.

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच बंद केला, तरी पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंग आणि फॉन्टचं) त्यावर नीट चालायचं म्हणून आम्ही ते बदललं नाही. यंदा उन्हाळ्यात मदरबोर्ड गेला. नवीन मशीन घेतलं, विंडोज ११ आहे, आत २५६ जीबीची एसएसडी. जुन्या मशीनची ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये बसवून घेतली आणि यूएसबीने जोडली. डिस्क दिसते, फाइली उघडतात, इथपर्यंत सगळं चांगलं आहे.

अडचण जागेची. ४६५ जीबीपैकी फक्त २८ जीबी मोकळी आहे. दुकानाचं नवीन काम याच डिस्कवर ठेवायचं आहे, म्हणून जुनं विंडोज काढायला गेले. विंडोज नावाच्या फोल्डरवर डिलीट दाबलं की लिहून येतं, या फोल्डरमध्ये बदल करायला ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल. प्रोग्राम फाइल्सचंही तेच. मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, मशीन माझं, डिस्क माझी, मग परवानगी द्यायला हा कोण? सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन म्हणून एक फोल्डर आहे, तो तर उघडतसुद्धा नाही. शिवाय सगळ्या फोल्डरांचा आकार मोजून बेरीज केली तर ती भरलेल्या जागेपेक्षा कितीतरी कमी भरते. बाकीची जागा कुठे गेली तेही कळेना गेलंय.

डिस्कवर काय आहे ते सांगते, म्हणजे मी इतकी का जपते ते कळेल. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल हे आहेच. पण त्याच डिस्कवर बाबांनी केलेली मुक्तिसंग्रामाची एक स्मरणिका आहे. आसपासच्या गावांतल्या वयस्कर मंडळींकडून त्यांनी रझाकारांच्या काळातल्या आठवणी ऐकल्या, वहीत उतरवल्या आणि मग रात्री दुकान बंद झाल्यावर स्वतः टाइप केल्या. कोणाचं घर जळालं, कोण शेतात लपून राहिलं, १७ सप्टेंबर १९४८ ला गावात बातमी कशी पोचली, असं सगळं. सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. छापलेल्या प्रतींना वाळवी लागली. पेजमेकरची फाइल तेवढी उरली आहे. त्यामुळे मला जागा हवी आहे, पण त्या फाइलीला धक्का न लागता.

उदगीरचा_पाव्हणा

ताई, इतका विचार नका करू. कामाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, डिस्क फॉरमॅट मारा, परत कॉपी करा. ट्रस्टेडइन्स्टॉलर वगैरे सगळं पुसून जातं. कॉपीला जागा नसेल तर नेटवर एक छोटी रजिस्ट्री फाइल (विंडोजची सेटिंग बदलणारी) मिळते. ती टाकली की राइट क्लिकमध्ये ‘टेक ओनरशिप’, म्हणजे मालकी घ्या, असं येतं. पूर्ण ड्राइव्हवर चालवा, मग काहीही डिलीट होतं. मी नेहमी तेच करतो.

अंबानगरी_डीटीपी

भाऊ, कामाच्या फाइलीच २६० जीबीच्या आसपास आहेत आणि नव्या मशीनमधली पूर्ण एसएसडी २५६ची. दुसरी डिस्क सध्या घेता येत नाही, शाळा सुरू व्हायच्या आधी कागदाचा स्टॉक भरून ठेवलाय, पैसे त्यात अडकलेत. टेक ओनरशिपचं बघते.

दुरुस्तीवाला_लातूर

ताई, थांबा. पूर्ण ड्राइव्हवर ते चालवू नका. पाव्हणे, तुमचं फॉरमॅटचं बरोबर आहे, दुसरी डिस्क हाताशी असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण ओनरशिप पूर्ण ड्राइव्हवर लावायला सांगू नका कोणाला. का ते सांगतो.

जुन्या विंडोज ७ च्या डिस्कवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचं एक फोल्डर दिसतं. तो खरा फोल्डर नाही, जंक्शन आहे, म्हणजे दुसऱ्या जागेकडे वळवणारा रस्ता. आणि त्याच्यात पत्ता कोणता लिहिलेला आहे? सी ड्राइव्हवरचा युझर्स फोल्डर. डिस्क जुन्या मशीनमध्ये होती तोवर तो पत्ता तिच्याच पोटातला होता. आता ती बाहेरून जोडलीय, पत्ता मात्र सी हाच आहे. म्हणजे तो रस्ता आता तुमच्या नव्या मशीनच्या युझर्स फोल्डरमध्ये निघतो! युझर्सच्या आत अशी अजून बरीच जंक्शनं असतात, ‘ॲप्लिकेशन डेटा’, ‘लोकल सेटिंग्ज’, ‘डीफॉल्ट युझर’. जे हत्यार या रस्त्यांनी आत शिरतं ते जुन्या डिस्कच्या परवानग्या बदलता बदलता चालू विंडोजच्या परवानग्या बदलून ठेवतं. असं झालेली मशीनं माझ्या टेबलावर येतात. लोक म्हणतात बाहेरची डिस्क साफ करत होतो, आतलं बिघडलं कसं? ते असं बिघडतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, हा परवानगी देणारा कोण. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फोल्डरचा मालक कोण आणि कोणाला काय करता येतं हे त्या डिस्कवरच लिहिलेलं असतं. डिस्क दुसरीकडे नेली तरी ती नोंद सोबत जाते. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने सिस्टिमच्या फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या सेवेकडे दिली, म्हणजे व्हायरसने किंवा चुकून माणसाने त्या काढू नयेत. त्या सेवेचा ओळख क्रमांक सगळ्या मशीनवर एकच असतो, म्हणून तुमचं विंडोज ११ जुन्या विंडोज ७ चा तो हक्क ओळखतं आणि मानतं. त्याला हे कळत नाही की हे विंडोज आता कधीच चालू होणार नाही. तुमच्या वडलांच्या नावाच्या फोल्डरचं वेगळं आहे. त्यांचा क्रमांक फक्त त्या जुन्या मशीनपुरता होता, म्हणून सिक्युरिटीच्या टॅबवर नावाऐवजी ‘अकाउंट अननोन’ आणि लांबलचक आकडा दिसेल. घाबरू नका. त्यात शिरताना ‘कंटिन्यू’ विचारलं तर दाबा, आत जाता येतं. ज्या फोल्डरात शिरता येत नाही त्याचा आकार विंडोज मोजत नाही, तुमची बेरीज जमेना त्याचं एक कारण हेच.

म्हणून आधी युझर्स फोल्डर उघडून बघा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. जुन्या माणसांची निम्मी कामं डेस्कटॉपवरच असतात. तिथलं सगळं एका साध्या फोल्डरात हलवून घ्या. युझर्स डिलीट करायची घाई करूच नका.

मग काढायचं कसं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला झेड अक्षर द्या. ई किंवा एफ ठेवलं तर उद्या पेन ड्राइव्ह लावल्यावर कोण कुठलं याचा गोंधळ होतो. झेडचा होत नाही. सर्चमध्ये सीएमडी लिहा, राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पुढच्या कमांडी मी उच्चारात लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

टेकओन /एफ झेड:\विंडोज /ए /आर /डी वाय /स्किपएसएल

टेकओन हा जोडून एकच शब्द. /ए म्हणजे मालकी एका माणसाला नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटाला. /आर म्हणजे आतल्या सगळ्यांना. शेवटचं स्किपएसएल अजिबात विसरू नका, त्याने ते वळवणारे रस्ते सोडून दिले जातात. मालकी मिळाली म्हणजे डिलीटचा हक्क मिळाला असं नाही, तो वेगळा द्यावा लागतो:

आयकॅक्ल्स झेड:\विंडोज /ग्रँट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स:एफ /टी /सी /एल /क्यू

स्पेलिंग आय सी ए सी एल एस. हजारो फाइली आहेत, वेळ लागतो, स्क्रीन हलली नाही तरी खिडकी बंद करू नका. झालं की लगेच पुसू नका. त्या फोल्डरचं नाव बदलून ‘जुनं विंडोज’ असं काहीतरी इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता ठेवा आणि नेहमीसारखं काम करत राहा. कशाला काही कमी पडलं नाही तर मग:

आरडी /एस /क्यू आणि पुढे त्या बदललेल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता.

ही कमांड रिसायकल बिनमध्ये काही ठेवत नाही, एंटर मारायच्या आधी अक्षर झेडच आहे ना ते वाचा. प्रोग्राम फाइल्ससाठी हेच, पण नावात जागा आहे म्हणून पत्ता दुहेरी अवतरणात टाका, नाहीतर कमांड त्याचे दोन तुकडे समजते.

डिस्कच्या मुळाशी पेजफाइल आणि हायबरफिल नावाच्या दोन मोठ्या लपलेल्या फाइली असतील, जुनं विंडोज रॅममधलं काम त्यांत ठेवायचं. विंडोज ७ मध्ये हायबरफिल रॅमच्या पाऊणपट असते, पेजफाइल साधारण रॅमएवढी. व्ह्यूच्या ऑप्शन्समध्ये ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ लपवण्याची टिक काढली की दिसतात, आणि बाहेरच्या डिस्कवर त्या सहज डिलीट होतात.

एक राहिलं. तुमची डिस्क डेस्कटॉपची, साडेतीन इंची. ती यूएसबीच्या करंटवर चालत नाही, तिला वेगळा अडॅप्टर असतो. लाइट गेली की मशीन यूपीएसवर चालू राहील आणि डिस्क मात्र धाडकन बंद पडेल. परवानग्या लिहीत असताना तसं होऊ देऊ नका. अडॅप्टरचा प्लगही यूपीएसमध्येच लावा.

गोदातीर_नांदेड

लातूरच्या दादांनी सविस्तर सांगितलं आहे. मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते, आमच्याकडे लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) पेन ड्राइव्ह लावून हे करतात. लिनक्स त्या परवानग्या विचारातच घेत नाही, फोल्डर सरळ डिलीट होतो. पण जुनं मशीन हायबरनेट अवस्थेत, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून झोपलेलं असताना, बंद पडलं असेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. आणि तिथे आतली एसएसडीही तितकीच उघडी असते. ज्यांना सवय नाही त्यांना मी हा रस्ता सांगणार नाही.

मला बोलायचं आहे ते फॉन्टबद्दल, कारण ताईंनी श्रीलिपी म्हटलंय. विंडोज फोल्डर काढण्याआधी त्यातला फॉन्ट्स फोल्डर वाचवा! पेजमेकरच्या फाइलीत फॉन्ट साठवलेला नसतो, फक्त त्याचं नाव असतं. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले आहेत. फॉन्ट गेला की फाइल उघडेल, पण बाबांनी टाइप केलेल्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. मजकूर असून वाचता येणार नाही. नेमका कोणत्या आवृत्तीचा कोणता फॉन्ट वापरला होता हे नंतर शोधणं फार अवघड जातं.

आणि तो कॉपी करताना एक फसगत होते. एक्सप्लोररमधून झेड ड्राइव्हवरचा फॉन्ट्स फोल्डर उघडला तर जुन्या डिस्कवरचे फॉन्ट न दाखवता या मशीनवर बसवलेलेच दाखवतो. त्या फोल्डरात एक लपलेली डेस्कटॉप डॉट आयएनआय फाइल असते, ती विंडोजला सांगते की याला फॉन्टची खास खिडकी म्हणून दाखव. माणसाला वाटतं आपण जुने कॉपी केले, प्रत्यक्षात नवेच उचललेले असतात. म्हणून कमांडनेच करा. सी ड्राइव्हवर ‘जुने फॉन्ट’ अशा अर्थाचा फोल्डर इंग्रजी नावाने बनवा, मग

कॉपी झेड:\विंडोज\फॉन्ट्स\*.टीटीएफ

आणि पुढे एक जागा सोडून त्या नव्या फोल्डरचा पत्ता. पेजमेकरच्या काळातलं काम आहे, तर जुन्या पद्धतीच्या फॉन्टच्या पीएफबी आणि पीएफएम या शेवटांच्या फाइलीही बघा, असतील तर त्याही घ्या. मग बाबांना नवीन मशीनसमोर बसवून स्मरणिका उघडा. त्यांना लगेच कळेल की अक्षर त्यांचंच आहे की बदललंय. तोपर्यंत विंडोज फोल्डरला हात लावू नका.

उदगीरचा_पाव्हणा

जंक्शनचं हे माहीत नव्हतं. दादा, ती रजिस्ट्री फाइल ज्यांना दिली त्यांना आजच कळवतो.

अंबानगरी_डीटीपी

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने सांगते.

आधी युझर्स बघितलं. डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर’ नावाचेच कितीतरी फोल्डर निघाले, आणि एकात स्मरणिकेची दुसरी प्रत, बाबांनी मुद्रितं तपासून दुरुस्त केलेली. मुख्य फोल्डरमधली मला माहीत असलेली प्रत जुनी होती! ही डेस्कटॉपवर आहे हे त्यांनाही आठवत नव्हतं. युझर्स डिलीट केलं असतं तर दुरुस्त केलेली गेली असती.

फॉन्टचं ताईंनी सांगितलं ते तंतोतंत. एक्सप्लोररमध्ये झेडवर श्रीलिपी दिसतच नव्हती, माझ्या पोटात गोळा आला. कमांडने कॉपी केल्यावर सगळे फॉन्ट आले. ते बसवून पेजमेकर उघडलं. बाबांनी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचून काढलं. एका ठिकाणी मथळ्याचा फॉन्ट बदललेला त्यांनी पकडला, तो पीएफबीमध्ये होता, तोही मिळाला. सगळी पानं पीडीएफ करून ठेवली, त्यात फॉन्ट आतच बसतात असं बाबाच म्हणाले.

मग टेकओन आणि आयकॅक्ल्स. मशीन आणि डिस्क दोन्ही यूपीएसवर लावून, दुपारी गिऱ्हाईक नसताना. नाव बदलून ठेवलं, काम चालू ठेवलं, काही अडलं नाही, मग आरडी मारलं. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स गेले. विंडोज फोल्डरचा आकार जेवढा दाखवत होता तेवढी जागा मात्र मोकळी झाली नाही, त्याहून थोडी कमीच झाली. आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन अजून तसाच आहे. त्यालाही टेकओन लावू का?

दुरुस्तीवाला_लातूर

लई चांगलं झालं ताई. दुरुस्त केलेली प्रत सापडली हे वाचून बरं वाटलं. ती पीडीएफ आजच एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, दुसऱ्या गावी राहणाऱ्या. एकाच जुन्या डिस्कवर ती राहू देऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ दाखवलं तर नवीन काम तिच्यावर ठेवू नका.

जागा कमी मोकळी झाली त्याचं कारण विनएसएक्सएस फोल्डर. त्यातल्या बऱ्याच फाइली आणि सिस्टिम ३२ मधल्या फाइली ही एकाच मजकुराची दोन नावं असतात. मोजताना दोनदा मोजल्या जातात, जागा एकदाच व्यापतात.

सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशनला टेकओन लावू नका, उपयोग नाही. त्यात जुन्या विंडोजचे रिस्टोर पॉइंट, म्हणजे मागच्या स्थितीला परत जाण्यासाठी ठेवलेल्या नोंदी, साठलेले असतात, तुमची हरवलेली जागा बरीचशी तिथे आहे. ती मोकळी करायला सिस्टिम प्रोटेक्शनची खिडकी उघडा, झेड निवडा, कॉन्फिगर, खाली डिलीट. तिथे झेड दिसला नाही तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या सीएमडीत व्हीएसएसअ‍ॅडमिन डिलीट शॅडोज /फॉर=झेड: /ऑल. आतलं रिकामं होईल, फोल्डर राहील.

अंबानगरी_डीटीपी

सिस्टिम प्रोटेक्शनमधूनच झालं. आता १०६ जीबी मोकळी दाखवतंय. फोल्डर आहे अजून, पण राहू द्या.

गोदातीर_नांदेड

राहूच द्या. काढलं तरी विंडोज डिस्क जोडल्यावर तो पुन्हा बनवतं. आणि ज्यांची डिस्क विंडोज सर्व्हरवरची असेल आणि त्यावर डेटा डीडुप्लिकेशन (सारखा मजकूर एकदाच साठवणं) चालू असेल त्यांनी तर त्याला अजिबात हात लावू नये, तिथे फाइलींचा खरा मजकूरच त्या फोल्डरच्या आत साठवलेला असतो.